नियमावली आणि अंतेवासी

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या कचेरीत पक्षकारांच्या बरोबरीने पालकही येऊ लागतात. मुलामुलींस परगावच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला असतो, वसतिगृहात खोली मिळालेली असते, आणि खोलीच्या किल्लीआधी एक हमीपत्र हाती पडलेले असते. त्यावर पाल्याची सही लागते, पालकाची लागते, पुष्कळदा मुद्रांकाचा कागदही लागतो. म्हणून वकिलाची आठवण होते. गेल्या साली आमच्या नात्यातील एक गृहस्थ असेच आपल्या कन्येस घेऊन फोंड्याहून आले. मुलगी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यास निघाली होती. तिचा थोरला भाऊ त्याच महाविद्यालयात दोन वर्षांपासून शिकत होता आणि तेथील मुलांच्या वसतिगृहात राहत होता. गृहस्थांनी पुस्तिका व हमीपत्र आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "दादा, सही कुठं करायची तेवढं दाखवा. आत काय, सगळीकडे सारखंच असतं."

मुलगी मात्र पुस्तिका वाचून आली होती. तिने हळूच विचारले, "काका, काय करायचं नाही ते ह्यात सगळं आहे. रात्री बरं नसलं तर कुणाला हाक मारायची, ते कुठं आहे?"

आम्ही पाने उलटली. ते कोठेच नव्हते.

त्या दिवशी आम्ही हमीपत्रावर सही होऊ दिली नाही. मुलीच्या भावाकडून मुलांच्या वसतिगृहाची पुस्तिका मागवून घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. ह्या पानांवर एरवी कादंबरी, नाटक, कीर्तन ह्यांची परीक्षणे येतात. ह्या खेपेस एका नियमपुस्तिकेचे परीक्षण वाचकांनी गोड मानून घ्यावे, अशी विनंती आहे. नियमावलीलाही लेखक असतो, वाचक असतो, भाषा असते, आणि माणसाविषयी एक कल्पनाही तिच्यात दडलेली असते. शिवाय सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने घराबाहेर पडून स्वतःच्या सहीने स्वीकारलेला तो बहुधा पहिलाच ग्रंथ असतो. ज्या ग्रंथावर इतक्या सह्या होतात आणि जो इतका थोडा वाचला जातो, त्याची चिकित्सा कोणी तरी केलीच पाहिजे. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ह्या धाटणीच्या पुस्तिका आम्ही अनेक पाहिल्या आहेत. त्यांतील एकीस नावे ठेवून बाकीच्यांस मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही.

प्रथम भाषेविषयी. ह्या पुस्तिकेतील वाक्यांस कर्ता नाही. 'उशीर खपवून घेतला जाणार नाही', 'दंड आकारण्यात येईल', 'योग्य ती कारवाई केली जाईल', अशी ही भाषा. उशीर कोण खपवून घेणार नाही, दंड कोण आकारणार, किती आकारणार, आणि तो अन्यायाने आकारला गेल्यास दाद कोणाकडे मागावयाची, ह्यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. विद्यार्थिनी मात्र प्रत्येक वाक्यात आहे; कधी अपराधी म्हणून, कधी संभाव्य अपराधी म्हणून. शेवटच्या पानावर 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील' हे वाक्य जाड अक्षरांत येते. कायद्याचा व्यवसाय करणाऱ्यास त्या वाक्याचे भय वाटत नाही, कारण सार्वजनिक कार्य करणाऱ्या संस्थेचा निर्णय मनमानीचा असेल तर उच्च न्यायालय तो तपासू शकते, हे त्याला ठाऊक असते. परंतु नवख्या मुलीस ते ठाऊक नसते, आणि ते वाक्य लिहिले जाते तेही तिच्यासाठीच.

आता आशयाकडे वळू. आमच्या मते वसतिगृहाच्या कोणत्याही नियमास पहिला प्रश्न विचारावा तो असा की, तू कोणाचे रक्षण करतोस? ह्या कसोटीने पाहता पुस्तिकेतील नियम तीन गटांत पडतात.

पहिला गट शेजाऱ्याचे रक्षण करणाऱ्या नियमांचा. रात्री ठरावीक वेळेनंतर गोंगाट करू नये, परक्या माणसास खोलीत मुक्कामास ठेवू नये, सामाईक न्हाणीघर वापरून झाल्यावर स्वच्छ ठेवावे, हे ते नियम. एका खोलीत तिघी राहावयाच्या, तर एकीची झोप ही दुसरीच्या स्वातंत्र्याची मर्यादा ठरते. घरात हे आई सांगते. वसतिगृहात ते कागदावर लिहावे लागते. नियम म्हणजे केवळ जाच, असे मानणाऱ्या तरुण मित्रांनी परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या खोलीतील वाढदिवस ऐकून मग आमच्याशी वाद घालावा.

दुसरा गट इमारतीचे आणि तीत राहणाऱ्या सर्वांच्या जिवाचे रक्षण करणाऱ्या नियमांचा. विजेची शेगडी, पाणी तापविण्याची कांब, इस्त्री खोलीत वापरू नये. मेणबत्ती, उदबत्ती, दिवा पेटवू नये. ह्या शेवटच्या कलमाने मुलीच्या आईस वाईट वाटले होते. तिने लेकीच्या सामानात कुलदेवतेची तसबीर आणि एक लहान निरांजन बांधले होते. ती आम्हांस म्हणाली, "देवापुढं दिवासुद्धा लावायचा नाही, हे कसलं शिक्षण?" ह्या कलमाची बाजू आम्ही घेतली. लाकडी कपाटे, गाद्या, वाळत घातलेले कपडे, एकच जिना आणि शंभराहून अधिक मुली, अशा जागी उघडी ज्योत धोक्याची होय, हे तिला सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि निरांजन काढून ठेवले. तसबीर गेली. आमच्या ध्यानात राहिले ते हे की, कारण कळताच त्या माउलीने आपल्या श्रद्धेस इतकी मुरड घातली. पुस्तिकेने मात्र ते कारण एका ओळीतही दिले नव्हते.

तिसरा गट मोठा आहे. तो संस्थेचे रक्षण करतो. फाटक किती वाजता बंद होईल, भ्रमणध्वनी केव्हा वापरावा, कोणता वेष करून भोजनगृहात यावे, बाहेर काही घडल्यास संस्था कशी जबाबदार नाही, ही सर्व कलमे ह्या गटात येतात. त्यांचा हेतू विद्यार्थिनीचे कल्याण असा सांगितला जातो. परंतु शब्द नीट वाचले म्हणजे ध्यानात येते की, उद्या काही घडले तर आपणांस जाब विचारला जाऊ नये ही त्यांची खरी प्रेरणा आहे. जबाबदारी घेण्याची भाषा आणि जबाबदारी झटकण्याची भाषा पुष्कळदा सारखी दिसते. ती वेगळी ओळखता येणे हा वकिलीचा अर्धा धंदा आहे.

येथे दोन्ही पुस्तिकांची तुलना उपयोगी पडली. भावाच्या वसतिगृहाचे फाटक रात्री साडेदहास बंद होते, आणि त्यानंतरही वहीत नोंद करून आत येता येते. बहिणीचे साडेसातास बंद होते व त्यानंतर आल्यास पालकांस कळविले जाते. महाविद्यालय एक, शुल्क एक, अभ्यासक्रम एक. त्याच महाविद्यालयाचे ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे असते. म्हणजे ग्रंथालयाचे अडीच तास भावास मिळतात आणि बहिणीस मिळत नाहीत. ह्या अडीच तासांचा उल्लेख पुस्तिकेत नाही. तो दोन पुस्तिका शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

मुलीच्या वडिलांस हे दाखविले तेव्हा ते म्हणाले, "दादा, मुलीची जात आहे. सातच्या आत घरात, हेच बरं." ह्या उत्तराची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. लेक परमुलखात पाठविणाऱ्या बापाची भीती खरी असते, आणि वर्तमानपत्रे ती रोज वाढवीत असतात. परंतु भीती खरी असली म्हणजे तिच्यावरचा कोणताही उपाय खरा ठरतो असे नाही. रस्त्यावर दिवा नसेल तर दिवा लावणे हा उपाय होय. मुलीस कोंडणे हा दिवा न लावण्याचा परवाना होय. विश्वविद्यालय अनुदान आयोगाने महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करण्यासाठी २०१५ चे म्हणून जे विनियम केले, त्यांत सुरक्षिततेचे निमित्त सांगून वसतिगृहातील मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, पक्षपाती नियम लादू नयेत, असे स्पष्ट बजाविले आहे. २०२२ साली कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी रात्री साडेनऊच्या फाटकबंदीविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेल्या. मुलींनाच का कोंडावे, असा रोखठोक प्रश्न न्यायालयाने विचारला, आणि त्या वर्षअखेर राज्य सरकारला मुले व मुली ह्या दोघांस सारखा नियम करणारा आदेश काढावा लागला. फाटक बंद झाल्यावरही नोंद करून आत येण्याची सोय त्या आदेशाने झाली. त्याआधी २०१९ साली त्याच न्यायालयाने भ्रमणध्वनीवरील निर्बंधाचा प्रश्न निकालात काढला होता. संध्याकाळी सहा ते रात्री दहा ह्या वेळात भ्रमणध्वनी जमा करावा, हा नियम एका विद्यार्थिनीने मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले होते. न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले. आंतरजालाचा वापर हा शिक्षणाच्या व खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालाचे सार. शिस्तीस न्यायालयाचा विरोध नव्हता. पुस्तके, टिपणे, गृहपाठ ज्या यंत्रावर येतात तेच यंत्र अभ्यासाच्या नावाखाली काढून घेण्यास विरोध होता.

ह्या तिसऱ्या गटातील नियमांचा सर्वांत मोठा दोष आमच्या मते निराळाच आहे. ते नियम खोटे बोलावयास शिकवितात.

आमच्या विद्यार्थिदशेची चार वर्षे सीमाभागातील एका वसतिगृहात गेली. फाटकापाशी एक जाड वही असे. बाहेर जाताना नाव, वेळ आणि कारण लिहावे लागे. 'चित्रपट', 'भटकंती', 'कंटाळा आला' ही कारणे मंजूर होत नसत. 'काकांकडे' हे होई. त्या वहीचा कोणी अभ्यास केला असता तर त्यास वाटले असते की, त्या एका गावात कोकणातील, गोव्यातील आणि कर्नाटकातील झाडून सर्व मुलांचे काका येऊन स्थायिक झाले आहेत. अधीक्षकांस हे ठाऊक होते. आम्हांसही त्यांस ठाऊक असल्याचे ठाऊक होते. दोन्ही पक्षांनी मिळून ते असत्य चार वर्षे सांभाळले. तेव्हा आम्हांस त्यात मौज वाटे. पुढे न्यायालयात शपथेवर सहज खोटे बोलणारे साक्षीदार पाहिले, तेव्हा त्या वहीची वेगळ्या रीतीने आठवण झाली.

आणखी एक रात्र आठवते. आमच्या खोलीतील एक मित्र तापाने फणफणला होता. बाराच्या सुमारास त्याचे दात वाजू लागले व तो असंबद्ध बोलू लागला. आम्ही दोघांनी त्यास धरून फाटकापाशी आणले. पहारेकरी वयस्क आणि भला माणूस होता, पण त्याने कुलूप काढले नाही. दहानंतर अधीक्षकांच्या सहीवाचून कोणासही सोडावयाचे नाही, असा त्यास हुकूम होता, आणि अधीक्षक त्या दिवशी गावी गेले होते. तो पुनःपुन्हा म्हणत होता, "माझी नोकरी जाईल, बाबांनो." अखेर मागच्या भिंतीवरून आम्ही त्या मित्रास उतरविले आणि रिक्षा शोधून दवाखान्यात नेले. हिवताप होता. तो बरा झाला. दुसऱ्या आठवड्यात भिंत ओलांडल्याबद्दल तिघांसही दंड झाला. आजारी होता त्यासही. पहारेकऱ्याचा आम्हांस कधीच राग आला नाही. त्याच्यापाशी फाटक केव्हा उघडावयाचे नाही ह्याचा नियम होता; केव्हा उघडावयाचे ह्याचा नव्हता. फोंड्याच्या त्या मुलीने आमच्या कचेरीत विचारलेला प्रश्न आम्हांस इतका लागला, त्याचे कारण ही रात्र होय.

कोणी म्हणेल, आपली परंपरा तर कडक शिस्तीचीच. गुरुगृही राहणाऱ्या अंतेवासीस कोठे प्रश्न विचारण्याची मुभा होती? ह्या समजुतीने परंपरेवर अन्याय होतो. धर्मसूत्रे उघडून पाहावीत. ब्रह्मचाऱ्याने केव्हा उठावे, काय खावे, कोठे बसावे, कसे बोलावे ह्याचे नियम त्यांत विपुल आहेत आणि ते कडक आहेत, ह्यात शंका नाही. पण तेथे नियम गुरूसही सोडीत नाहीत. शिष्याने आचार्याच्या आज्ञेत वागावे असे सांगताना आपस्तंब लगेच अपवाद करतो की, जेणेकरून पतन होईल असे कर्म आज्ञेनेही करू नये. तोच आपस्तंब आचार्यास सांगतो की, शिष्यावर पुत्रवत प्रेम करावे आणि आपत्काल नसता त्याच्या अध्ययनात विघ्न येईल अशा रीतीने त्यास आपल्या कामास जुंपू नये. गौतम तर त्याहून पुढे जातो. शिष्यास मारहाणीवाचून वळण लावावे. अगदीच निरुपाय झाला तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब, त्याहून अधिक नाही. आणि ह्याबाहेर जाऊन गुरू मारील तर राजाने त्या गुरूस शासन करावे, असे त्याचे वचन आहे. दंड किती, कशाने, आणि मर्यादा ओलांडणाऱ्यास कोण विचारणार, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या तीन छोट्या सूत्रांत मिळतात. आमच्यासमोरच्या छापील पुस्तिकेत ह्यांपैकी एकाचेही उत्तर नाही.

अर्थात त्या गुरुगृहाचे दार सर्वांस उघडे नव्हते, हेही त्याच प्रामाणिकपणाने सांगितले पाहिजे. स्त्रिया आणि शूद्र मानलेले समाज त्या व्यवस्थेबाहेर राहिले. ते दार ढकलण्याचे काम महाराष्ट्रात वसतिगृहांनीच केले. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या शहरात उभी राहिली. पुण्यात माधुकरी मागून वा वार लावून जेवणाऱ्या मुलांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. ह्या इतिहासातील एक प्रसंग आमच्या विषयास नेमका लागू पडतो. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असता जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी आंघोळ करण्यास नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हाच नियम मोडणारा विद्यार्थी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करतो आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावयाचे वसतिगृह काढतो. तेथे नियम नव्हते असे नाही. मुलांनी श्रम करावयाचे, आपली कामे आपण करावयाची, हा कठोर नियम होता. फरक इतकाच की, तो नियम चालविणाऱ्यांसही होता. धान्य संपले तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. असे पालक लाभलेल्या वसतिगृहात नियम जाचक वाटत नाहीत, मग ते कितीही कडक असोत.

आमच्या वाचकांस ह्याहून जवळचे उदाहरण देता येईल. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत आपण सर्वांनी कधी ना कधी मुक्काम केलेला आहे. तेथेही नियम असतात. खाण्यापिण्याचे असतात, वेळेचे असतात, स्वच्छतेचे असतात. ते पाळताना मनात अढी येत नाही. एक तर नियम थोडे असतात आणि त्यांचे कारण समोरच्या देवळात दिसत असते. दुसरे असे की, महाजन असो वा पाहुणा, सर्वांस ते सारखेच असतात. तिसरे कारण कायद्याचे आहे. १९३३ च्या, पोर्तुगीज अमदानीतील देवस्थानविषयक कायद्याखाली आमची देवस्थाने आजही चालतात. प्रत्येकाची स्वतःची नियमावली आहे, आणि ती महाजनांस जशी बांधते तशी कारभार पाहणाऱ्या समितीसही बांधते. समितीस हिशोब द्यावा लागतो आणि तिच्यावर मामलेदारांची देखरेख असते. देवाच्या दारातील व्यवस्थापनाचा शब्दही 'अंतिम व बंधनकारक' नसतो. मग विद्येच्या दारातील का असावा?

विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायद्याने एके ठिकाणी हा धडा गिरविला आहे. नवागतांच्या छळाविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला. अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू कमी लोकांस ठाऊक आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी केली पाहिजे, आणि त्याने कसूर केल्यास तो त्या अपराधास साहाय्य केल्याचा दोषी मानला जातो. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी अशाच छळात मरण पावला. त्याच वर्षी अनुदान आयोगाने ह्या विषयावर विनियम केले. वसतिगृहाचे अधिकारी विद्यार्थ्यांस कोणत्याही वेळी भेटू शकले पाहिजेत, असे त्यांत म्हटले आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य क्रमांकही त्या वर्षापासून देशभर चालू झाला. आमच्यासमोरच्या पुस्तिकेत छळ करणाऱ्यास काय शिक्षा होईल ते होते. हा क्रमांक आणि संस्थाप्रमुखाचे सात दिवसांचे कर्तव्य ही दोन्ही नव्हती. ज्या मुलीस रात्री अकरा वाजता ह्या माहितीची गरज पडेल, तिच्या हाती पुस्तिका असूनही ती निरुत्तर राहील.

तेव्हा ह्या ग्रंथाविषयी आमचा अभिप्राय असा. त्यातील पहिले दोन गट ठेवावेत आणि प्रत्येक नियमापुढे एका ओळीत कारण लिहावे. तिसरा गट पुन्हा लिहावा. प्रत्येक 'विद्यार्थिनीने करू नये' ह्यासमोर 'वसतिगृह करील' असे एक वाक्य यावे: आजार आल्यास रात्री कोण येईल, पाणी, वीज, जेवण ह्यांची तक्रार किती दिवसांत ऐकली जाईल, अनामत रक्कम केव्हा परत मिळेल, दंडाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी. मुले व मुली ह्यांच्या वेळा सारख्या असाव्यात. आणि पहारेकऱ्यासही त्याची एक प्रत द्यावी, फाटक केव्हा उघडावयाचे ते पान खुणेसह.

नव्या विद्यार्थ्यांसही दोन शब्द. सहीआधी पुस्तिका वाचा. नियम पटला नाही तर भिंतीवरून जाण्याआधी अर्ज लिहून पाहा. एकट्याने लिहिण्याऐवजी चौघांनी मिळून लिहा आणि पोच घ्या. वहीत 'काकांकडे' लिहू नका. अनामत रकमेची पावती जपून ठेवा. खोलीतील सोबतीण ज्या गावची असेल तेथील सणवार विचारा. सोमवारी मासळी न खाणारी तुम्ही आणि सोमवारीच जिच्या घरी मासळी होते ती, अशा दोघी एका ताटावर बसाल तेव्हा कोणत्याही पुस्तिकेत नसलेला एक नियम तुम्ही दोघी मिळून करालच. पहिल्या महिन्यात घरची आठवण येऊन रडू आले तर त्यात कमीपणा नाही. आम्हीही रडलो होतो, न्हाणीघराचा नळ सोडून.

फोंड्याच्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून हे परीक्षण पुरे करू. आम्ही तिच्या वडिलांच्या नावे संस्थेस सौम्य भाषेत पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या: रात्रीच्या आजारपणाची व्यवस्था, दंडाविरुद्ध दाद, आणि फाटकाची वेळ. पत्र पाठविताना गृहस्थ कचरत होते. पोरीवर डूख धरतील, असे त्यांस वाटले. उत्तर पंधरा दिवसांत आले आणि ते सभ्य होते. आजारपणासाठी अधीक्षकांचा व जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावण्यात आला आहे, असे त्यात होते. दाद प्राचार्यांकडे मागता येईल, असेही होते. फाटकाविषयी 'बाब विचाराधीन आहे' इतकेच होते. मुलगी पुण्यास गेली. दिवाळीत घरी आली तेव्हा आम्हांस भेटावयास आली आणि म्हणाली की, तिच्या मजल्यावरील एका मुलीस पहाटे दोनला पोटात असह्य दुखू लागले, तेव्हा त्या क्रमांकावर फोन लागला आणि फाटक उघडले.

"आणि ग्रंथालय?" आम्ही विचारले.

"अजून साडेसातच," ती म्हणाली. "पण अर्ज केलाय, काका. ह्या वेळी तेवीस जणींच्या सह्या आहेत. दादानंसुद्धा मुलांच्या वसतिगृहातून सह्या जमवून दिल्यात."

तिच्या वडिलांनी त्या अर्जाची एक प्रत मागून घेतली आणि चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.